भाऊंच्या पाळीतच ऑटो का पडायचा

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला मी हिंगण्याच्या बाजूच्या एका कारखान्यात नोकरीला लागले. पोलादाच्या भट्ट्यांना आतून लावतात त्या विटा हा कारखाना भाजायचा. पोरगी कंप्युटरवर कामाला लागली, ही बातमी रामदासपेठेत पसरली आणि शेजारणी आपापल्या पोरींच्या पत्रिका घेऊन आमच्याकडे यायला लागल्या. कंप्युटर म्हणजे गुण जुळवायचं यंत्र, अशी त्यांची पक्की समजूत होती. मी विटा भाजते हे कळल्यावर त्या चहा पिऊन, पत्रिका घेऊन परत गेल्या. पुढे वर्षभर आईला "झालं का मग पोरीचं काही?" असं दुखवट्याला आल्यासारखं विचारत राहिल्या.

आमची भट्टी म्हणजे लांबच लांब बोगदा. एका तोंडाने कच्च्या विटांची ट्रॉली आत जायची, दुसऱ्या तोंडाने भाजलेली बाहेर यायची, मधे तेलाचे बर्नर. बाजूच्या काचेच्या खोलीत कपाटाएवढा कंप्युटर होता. त्याचं काम एकच, पण ते अखंड चालायचं. ताप बघायचा, तेल कमीजास्त करायचं, प्रिंटरवर अधूनमधून आकड्यांची एक ओळ छापायची आणि पुन्हा ताप बघायचा. ही फेरी ठरल्या वेळात संपलीच पाहिजे. संपली नाही, तर कंप्युटरवर पाळत ठेवणारं एक छोटं सर्किट होतं, आम्ही त्याला कोतवाल म्हणायचो. कंप्युटर मेला असं समजून ते त्याच्या हातातून कारभार काढून घ्यायचं. हिरवा दिवा विझायचा, लाल लागायचा, घंटी वाजायची आणि भट्टी 'ऑटो'वरून 'मॅन्युअल'वर यायची. मग माणसाने चाक फिरवून तेल सांभाळायचं. त्या गडबडीत ताप जरा जरी हलला, तरी आतल्या विटा तडकायच्या नाहीतर एकमेकींना चिकटून बसायच्या. कंप्युटरला उशीर का झाला, हे विचारायची अक्कल कोतवालाला दिलेली नव्हती.

मी लागले त्याच हिवाळ्यात ऑटो पडायला लागला. काही कारण नसताना, मधेच. आणि पडायचा तो भाऊंच्याच पाळीत.

भाऊ म्हणजे आमचे सर्वांत जुने ऑपरेटर. सगळा कारखाना त्यांना भाऊच म्हणायचा. त्यांच्या वडिलांनी कन्हानकडच्या वीटभट्टीवर जन्मभर डोक्यावरून विटा वाहिल्या. भाऊ स्वतः लहानपणी आईचं बोट धरून छप्पनच्या धम्मदीक्षेला गेलेले. आमच्या कारखान्यात ते आधी मातीच्या यार्डात फावडं मारायला लागले, संध्याकाळी आयटीआय केलं, मग बर्नरवर आणि शेवटी काचेच्या खोलीतल्या त्या फिरत्या खुर्चीवर आले. एका विश्वकर्मा पूजेला त्यांनी घरच्या सगळ्यांना आणून ती खुर्ची काचेबाहेरून दाखवली होती. धाकट्या पोरीने आत बसून गोल फिरायचा हट्ट धरला, तर "ते फिराची नाही वं, बसाची खुर्ची आहे," असं म्हणून तिला उचलून नेलं होतं.

आता साहेबांचं म्हणणं होतं की भाऊच मुद्दाम स्विच फिरवतात. साहेब म्हणजे आमचे कारखान्याचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता, पण एकदा डोक्यात शिरलेली गोष्ट बाहेर काढायचा रस्ता त्यांच्याकडे नव्हता. जुन्या ऑपरेटरला कंप्युटर डोळ्यांत खुपतो, आपल्याशिवाय भट्टी चालत नाही हे त्याला दाखवायचं असतं, असा त्यांचा सिद्धांत. शिवाय पुरावाही होता. घंटी वाजली की सगळे वळून बघायचे, आणि दर वेळी भाऊंचा हात पॅनेलवर असायचा. अहो, घंटी वाजल्यावर भट्टी सांभाळायला सगळ्यांत आधी तेच धावायचे! पण साहेबांना हे सांगायला जावं, तर ते म्हणायचे, "मॅडम, बाकीच्या पाळीत काहून पडत नाही? त्याचं उत्तर द्या."

कंप्युटरची जबाबदारी माझी, कारखान्यात बाई मी एकटी, आणि साहेबांनी बजावून ठेवलेलं: महिनाअखेरपर्यंत कारण सापडलं नाही तर भाऊ परत मातीच्या यार्डात.

मी कारण शोधायला लागले. मुंबईहून कंप्युटर विकणाऱ्यांचा तज्ज्ञ आला. त्याने अर्थिंगवर ठपका ठेवला. आम्ही खड्डा खणला, त्यात मीठ आणि कोळसा ओतला, वर पाणी मारलं. ऑटो पडला. मग त्याने खोलीतल्या पंख्यावर, नंतर ट्यूबलाइटवर आणि शेवटी नागपूरच्या विजेवर ठपका ठेवला. तो आला की भाऊ त्याचं आगतस्वागत करायचे, कारण भाऊंच्या पाळीत आलेला माणूस उपाशी गेला असं कधी झालंच नाही. त्यांच्या घरून रोज मोठा डबा भरून सांबारवडी यायची. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. त्या वडीचा खमंग वास भट्टीच्या तेलाच्या वासालासुद्धा पुरून उरायचा. भाऊ प्रिंटरचा कोरा करकरीत कागद फाडायचे, त्याच्या चौकोनी घड्या घालून प्रत्येकापुढे ठेवायचे आणि त्यावर वड्या वाढायचे. बाकीच्या पाळ्यांत जो तो आपला डबा आपल्या कोपऱ्यात पाठ फिरवून उघडायचा. भाऊंच्या पाळीत मात्र पंगत असायची. स्टोअरबाबू तर काहीतरी सामान मोजायच्या निमित्ताने नेमका त्याच वेळी उगवायचा.

मुंबईचा तज्ज्ञ तिसरी वडी खात असताना ऑटो पडला. त्याने तोंडातला घास न गिळता वर बघितलं. भाऊंचा हात पॅनेलवर. त्याने रिपोर्टात लिहिलं, मानवी हस्तक्षेपाची शक्यता.

मग मी माझी युक्ती काढली. प्रोग्राम फेरीत नेमका कुठे अडकतो ते कळावं म्हणून मी टप्प्याटप्प्यावर एकेक ओळ घातली. तिथे पोचलं की कंप्युटरने प्रिंटरवर छापायचं, 'हिअर वन', 'हिअर टू', 'हिअर थ्री'. प्रिंटर जो कडकडायला लागला तो थांबेना. आणि काय सांगू, ऑटो पटापट पडायला लागला! एका पाळीत नाही, तिन्ही पाळ्यांत. रात्रीचा ऑपरेटर आजवर भाऊंकडे बघून हसायचा. आता त्याच्याच पाळीत घंटी थांबेना. दुसऱ्या पाळीच्या ऑपरेटरवर साहेबांनी संशय घेतला, मग तिसऱ्या पाळीच्या ऑपरेटरवर. शेवटी कंप्युटरविरुद्ध सगळे ऑपरेटर एक झालेत असं त्यांना वाटायला लागलं, आणि युनियनचा पुढारी भेटायला आला तेव्हा त्यांनी त्याला सरळ विचारलं, "हा तुमचा ठराव आहे काय?"

तो एक आठवडा भाऊंचा मोठा सुखाचा गेला. कोणी त्यांच्याकडे बोट दाखवेना. पंगतीत कागदावर वड्यांखाली माझेच 'हिअर टू, हिअर थ्री' दिसायचे, कारण कोरा कागद आता मिळेनासा झाला होता. भाऊ हसून म्हणाले, "मॅडम, तुमचं मशीन बहुत बोलून राहिलं."

इतकं छापलं की मशीन दमतं, एवढंच मी त्यातून शिकले. वैतागून सगळ्या ओळी काढून टाकल्या. बाकीच्या दोन पाळ्या क्षणात बऱ्या झाल्या. भाऊंची पाळी होती तशीच राहिली. म्हणजे माझ्या शोधकार्याचा निष्कर्ष एवढाच निघाला की मशीन निर्दोष आहे. मला स्वतःचा असा संताप आला की त्या दिवशी बसमध्ये कंडक्टरशी विनाकारण भांडले.

साहेबांना आता जोर चढला. त्यांनी एक शास्त्रीय प्रयोग ठरवला. पॅनेलपासून लांब, खोलीच्या मधोमध, खडूची रेषा ओढली. रेषेपलीकडे भाऊंची खुर्ची. भाऊंनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसायचं. त्यांच्यावर नजर ठेवायला गेटवरचा गार्ड. हात हलला तर वहीत लिहायचं. भट्टी सांभाळायला शेजारी बर्नरवाला उभा. भाऊंनी चष्मा सावरला तेव्हा गार्डाने लिहिलं, "चष्मा." नाक खाजवलं, "नाक." गार्ड प्रामाणिक माणूस होता, आणि भाऊंची माफी मागतच लिहायचा. "भाऊ, राग नका धरू गा. मले साहेबानं सांगितलं हाय."

आणि त्या दिवसांत ऑटो एकदाही पडला नाही.

साहेब आनंदाने माझ्या टेबलाशी आले. "बघा मॅडम! हात बांधले की मशीन बरी. अजून काय पुरावा पायजे?"

मला भाऊंवर विश्वास होता, पण विश्वास पुराव्यात धरत नाहीत. साहेबांनी बदलीचा हुकूम टाइप करून घेतला. सोमवारपासून मातीचं यार्ड. भाऊंनी सही करून प्रत घेतली, शर्टाच्या खिशात घडी करून ठेवली आणि पुन्हा हात गुडघ्यांवर. शेवटच्या पाळीतही रेषा होतीच.

त्या दुपारी बर्नरवाला तेलाची टाकी बघायला खाली गेला. काचेच्या खोलीत मी, भाऊ, गार्ड आणि मोजायला आलेला स्टोअरबाबू होतो. मला भूक लागली होती आणि रडू येत होतं. या दोन्ही गोष्टी मला नेहमी एकदमच होतात. प्रिंटरजवळच्या टेबलावर भाऊंचा डबा तसाच बंद होता.

"भाऊ, आज वडी नाही काय?" मी विचारलं.

"आहे ना मॅडम. पण मले उठाची मनाई. तुम्हीच घ्या, अन् ह्यायलेबी द्या. कागद घ्या त्या मशीनमधला."

मी आजवर फक्त खाल्लं होतं, वाढलं कधी नव्हतं. कागद काढायचा तर आधी प्रिंटरचं बटण दाबून तो बंद करायचा, मग दुसऱ्या बटणाने कोरी पानं पुढे सरकवायची, फाडायची आणि पहिलं बटण पुन्हा दाबायचं. हे मला भाऊंनी खुर्चीतूनच सांगितलं. मी चार जणांसाठी पानं काढायला लागले. पहिलं पान वाकडं फाटलं. दुसरं काढताना कागद अडकला. मी तो ओढत असतानाच घंटी वाजली.

लाल दिवा.

मी कागद हातात धरून उभी. स्टोअरबाबू तोंड उघडं ठेवून उभा. भाऊंचे दोन्ही हात गुडघ्यांवर.

"गार्डभाऊ," भाऊ अगदी शांतपणे म्हणाले, "माझे हात कुठी आहेत ते लिहून घ्या पहिले."

"गुडघ्यावर," गार्ड लिहीत म्हणाला.

"भाऊ, उठा ना! भट्टी!" मी ओरडले.

"मले रेषा ओलांडाची नाही मॅडम. तुम्ही जा चाकावर."

मी आयुष्यात ते चाक फिरवलं नव्हतं. धावत गेले. भाऊ खुर्चीतून सांगत होते, "उजवीकडं. थोडंसं. अजून नाही, बस. काट्याकडं पाहा, चाकाकडं नोका पाहू." त्यांचे हात गुडघ्यांवरच होते, फक्त बोटं चाक फिरवल्यासारखी हलत होती. गार्डाने ते लिहिलं नाही. तेवढ्यात बर्नरवाला धापा टाकत वर आला आणि मी चाक सोडलं.

तेव्हा मला सगळं कळलं. प्रिंटर बंद असला की कंप्युटर आपली ओळ हातात घेऊन त्याच्या दारात उभा राहायचा. प्रिंटर उघडेपर्यंत हलायचं नाही, ताप बघायचा नाही, तेल बघायचं नाही. फेरी राहिली की कोतवाल आलाच. माझ्या 'हिअर वन'च्या आठवड्यातही तो असाच प्रिंटरच्या दारात ताटकळायचा. एखादं पान काढेपर्यंत चालून जायचं, पण पंगत मोठी असली की पानं जास्त, प्रिंटर जास्त वेळ बंद आणि ऑटो धाडकन खाली. तज्ज्ञ आला की पंगत मोठी. साहेब आले की त्याहून मोठी. जितके लोक कारण शोधायला यायचे, तितके कागद फाटायचे. आम्ही सगळे तोंडात घास धरून भाऊंच्या हाताकडे बघत होतो, आणि कारण आमच्या मांडीवर होतं.

मी साहेबांना ओढून आणलं. त्यांना पटेना. मी कागद काढून दाखवला. घंटी. ते म्हणाले, योगायोग. त्यांनी स्वतः काढला. घंटी. पुन्हा काढला. घंटी. या वेळी भट्टीतल्या एका अख्ख्या ट्रॉलीच्या विटा एकमेकींना चिकटल्या, पण साहेब ऐकेनात. ते लहान मुलासारखे कागद फाडत सुटले होते. शेवटी बर्नरवाल्यानेच हात जोडले तेव्हा थांबले. त्यांच्या काखेत कोऱ्या कागदांचा ढीग जमला होता. मला त्या क्षणी इतका आनंद झाला होता की मी त्यांना एक वडी दिली.

साहेबांनी ती खाल्ली आणि भाऊंकडे वळून, आता कुणावर तरी चिडायला हवंच म्हणून चिडले. "पण कंपनीचा कागद काहून फाडता रोज? घरी ताटं नाही काय?"

भाऊ खुर्चीतून उठले. रेषा न ओलांडता उभे राहिले.

"ताटं आहेत ना साहेब. बहुत आहेत. नवीन लागलो तवा आणले होते मी. डबा भरून, ताटं घेऊन. सगळे म्हणत, आज पोट बरं नाही, आज उपास आहे. ताटं जशी आणली तशी स्वच्छ घरी जाऊन राहिली. बायको इचारे, कोणी जेवलं नाही काय? मंग एक दिवशी मी ह्या कागदावर देऊन पाह्यलं. कंपनीचा कागद, कोरा, कोणाचा हात लागला नाही. त्या दिवशी सगळे जेवले."

स्टोअरबाबू जमिनीवरची खडूची रेषा निरखायला लागला. साहेबांनी दोनदा घसा साफ केला. "बरं बरं. ऑर्डर कॅन्सल समजा." भाऊंनी खिशातली घडी काढून त्यांच्या हातात दिली, आणि ओलं फडकं आणून ती रेषा स्वतः पुसली.

शनिवारी मी प्रोग्राम दुरुस्त केला. काम अगदी किरकोळ होतं. प्रिंटर बंद दिसला तर ओळ टाकून द्यायची, दारात उभं राहायचं नाही. मी पन्नास वेळा कागद काढून बघितला. हिरवा दिवा हलला नाही. सोमवारी सकाळी मी सगळ्यांना जमवून ऐटीत जाहीर केलं की आता कागद फाडा नाहीतर प्रिंटर उचलून खाली फेका, ऑटो पडणार नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊ आपल्या खुर्चीत बसले होते. मी त्यांच्याकडे बघितलं तेव्हा, कधी नव्हे ते, त्यांनी खुर्ची अर्धी गोल फिरवून घेतली.

दुपारी त्यांनी डबा उघडला. आज सांबारवडी नव्हती. पाटोडीचा रस्सा होता, लाल, तर्रीवाला, वर तेल तरंगणारा. आणि शेजारी स्टीलच्या ताटांची चळत. चकचकीत, प्रत्येकावर भाऊंचं पूर्ण नाव कोरलेलं. कागदावर रस्सा देता येत नाही म्हणून इतकी वर्षं तो आणलाच नव्हता. आज बायको पहाटेपासून खपली, असं ते म्हणाले. खरं तर त्यांना ते सांगायचं नव्हतं, पण राहवलं नाही.

त्यांनी ताटं मांडली. वाढायला सुरुवात केली.

मी बसले. गार्ड बसला. बाकीचे उभेच.

"वहिनीले धुवाचा तरास कायले देता भाऊ," स्टोअरबाबू म्हणाला. आवाज अगदी मायेचा. मग माझ्याकडे वळला. "मॅडम, आता कागद फाडला तं चालते ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. सकाळी मीच छाती फुगवून सांगितलं होतं.

"चालते," मी म्हणाले.

त्याने बटण दाबलं. पानं पुढे सरकवली. एक फाडलं, दुसरं फाडलं, सावकाश, सगळ्यांसाठी. मी दिव्याकडे बघत होते. एकदा, फक्त एकदा लाल हो, असं मी मनातल्या मनात त्याला बजावत होते. तो हिरवाच राहिला.

त्यांनी कागदाच्या चौपट घड्या घातल्या आणि त्यावर पाटोडी घेतली. रस्साही घेतला, कारण रस्स्याचा मोह सुटेना. रस्सा कागदातून पाझरून त्यांच्या मनगटांवर, शर्टांवर, पॅन्टींवर ठिबकायला लागला. मोठमोठी माणसं कोपर वर करून, वाकून, गळणाऱ्या कागदाला खालून तोंड लावून उभी होती आणि रस्सा फक्कड झाला म्हणून सांगत होती. सहा रिकामी ताटं टेबलावर तशीच होती.

भाऊंनी ती एकेक उचलून पुन्हा चळत लावली. मग माझ्या ताटात बघितलं.

"अजून रस्सा घ्या मॅडम," ते म्हणाले. "बहुत आहे."

मी ताट पुढे केलं.